पाळकपण उतरवताना

आम्ही चर्चच्या आवारातला बंगला सोडून हडकोतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा मुलानं पुण्याहून येताना पितळेची पाटी करून आणली होती. यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ असं ठसठशीत कोरलेलं. मुलगा ड्रिल घेऊन दारात उभा राहिला आणि यांनी पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, रुमालानं पुसली आणि नेऊन कपाटात ठेवून दिली. मुलगा हिरमुसला. त्याला हे म्हणाले, रेव्हरंड म्हणजे आदर करण्याजोगा. दुसऱ्यानं पाकिटावर लिहिलं तर लिहू दे, पण आपल्याच दारावर आपणच आदरणीय म्हणून पाटी ठोकायची म्हणजे फार झालं. शेवटी नुसत्या नावाची पाटी लागली. मला विचाराल तर ती पितळेची मला आवडली होती. आयुष्यभर मंडळीच्या बंगल्यात राहिलेल्या माणसाला स्वतःच्या दारावर चार अक्षरं जास्त मिळाली असती, तर कुणाचं काय बिघडणार होतं?

माझे यजमान पाळक होते. मराठवाड्यातल्या निरनिराळ्या गावी त्यांनी मंडळ्या सांभाळल्या आणि शेवटची बरीच वर्षं इथं, छावणीच्या बाजूच्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये. मंडळी म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं. ‘होते’ असं लिहिते आहे, म्हणून कुणी भलतं समजू नये. ते निवृत्त झालेत इतकंच, आणि हे लिहिताना पलीकडच्या खोलीत चहाची वाट बघत बसलेत.

या एका कामाला लोकांनी किती नावं दिलीत. जुन्या बाया ‘पाद्रीसाहेब’ म्हणायच्या. शहागंजातले कापडवाले ‘पादरी साहब, आइए’ म्हणून स्टूल पुढं करायचे. रिक्षावाल्यांना पांढरा झगा दिसला की ‘फादर’, मग तुम्ही कुठल्याही चर्चचे असा. तरुण पोरं ‘पास्टर’ म्हणतात, लग्नपत्रिकेत ‘रेव्हरंड’ छापतात आणि उपासनेत सगळे ‘पाळक’ म्हणतात. मी त्यामुळं पाळकीणबाई. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, रात्रपाळ्या केल्या, पण सिस्टर अशी हाक मला फक्त वॉर्डात ऐकायला मिळाली. आवारात पाऊल टाकलं की मी यांच्या शब्दाचं शेपूट.

यांना शब्द सोलून बघायची खोड आहे. जेवताना समोर भाजी काय आहे ते कळणार नाही, पण भाजी हा शब्द कुठून आला ते सांगतील. पाद्री हा शब्द पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर आणला, त्याचा अर्थ बाप, आणि लांबून तो आपल्या ‘पितृ’चाच भाऊबंद आहे, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच ऐकलं. पास्टर लॅटिनमधला. तिकडं पास्टर म्हणजे सरळ मेंढ्या चारणारा माणूस, आणि त्याच्या मुळाशी आहे खाऊ घालणं. हाच अर्थ मराठीत आणताना जुन्या लोकांनी पाळक हा शब्द धरला. त्याचं मूळ संस्कृतात, रक्षण करणं. म्हणजे तिकडं चारा आणि इकडं राखण, असं हे म्हणायचे. मेंढपाळ असा सरळ शब्द असताना त्यातली मेंढी का सोडली असेल, यावर त्यांचा अंदाज असा, की माणसांना तोंडावर मेंढरं म्हणायला त्या लोकांना संकोच वाटला असेल. मी म्हणायचे, संकोच कसला, आमच्याकडं मेंढरांना माणसापेक्षा जास्त मान होता.

हे मी अधिकारानं बोलू शकते, कारण माझे वडील मेंढरं राखायचे. फुलंब्रीच्या पलीकडं आमचं गाव. मी शिकून मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला गेले, तिथंच ख्रिस्ती झाले, आणि तिथं आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला येणाऱ्या एका किडकिडीत तरुणाशी लग्न करायचं ठरवलं. वडिलांना सांगायला गावी गेले. धर्मावरून काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी जावई काय करतो, एवढंच विचारलं. मी सांगितलं, पाळक आहे, माणसं सांभाळतो.

“रानात ऱ्हातो का घरात?” वडील म्हणाले.

मी म्हटलं, घरात.

“घरात ऱ्हाऊन कुठं पाळणं होतंय, बाई.”

लग्नाला मात्र आले. चर्चमध्ये बाकं रिकामी होती तरी शेवटपर्यंत दाराशी उभे राहिले, काठीवर हनुवटी टेकून. मेंढरं राखणारा माणूस चारचौघांत सहसा बसत नाही, त्याला नजर फिरवायची सवय असते. यांना सासऱ्यांचं ते बोलणं इतकं आवडलं, की पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं पहिल्या उपदेशात त्यांनी ते सांगितलं. आणि खरोखरच ते घरात कमी राहिले. ताप, बाळंतपण, भांडण, दारू, पोलीस चौकी, काहीही असो, बंगल्याचं दार वाजायचं आणि हे चपला घालायचे. मी ताटावरचं झाकण काढायचं आणि परत ठेवायचं, हा माझा संसार.

निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरात सापडेल असं मला वाटलं होतं. सापडला, पण भलत्याच कारणानं. आमच्यात एक रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण चांगले पाळक ती कसोशीनं सांभाळतात. नवा पाळक आला की जुन्यानं त्या मंडळीतून अंग काढून घ्यायचं. तिथं लग्न लावायचं नाही, बाप्तिस्मा द्यायचा नाही, कुणाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची नाही, कबरीच्या डोक्याशी उभं राहून दफनविधी करायचा नाही. नव्या पाळकानं स्वतः बोलावलं तरच जायचं. नाहीतर लोक जुन्या माणसाच्या दाराशी येत राहतात आणि नव्याचा पाय कधी रुजत नाही.

यांनी ही रीत जरा जास्तच मनावर घेतली. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. रविवारी आम्ही सिडकोतल्या दुसऱ्याच चर्चला जाऊन मागच्या बाकावर बसू लागलो. लोक फोन करायचे, नातवाचं नाव ठेवायला तुम्हीच या म्हणायचे, आणि हे गोड बोलून म्हणायचे की तुमचे पाळक आहेत ना. फोन ठेवला की बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. मला ते बघवत नव्हतं आणि मी तसं बोलूनही दाखवायची. त्यावर त्यांनी मला माझ्या वडिलांचीच आठवण करून दिली.

ती आठवण अशी. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी कळप माझ्या चुलतभावाच्या हवाली केला. आता मेंढरू माणसाला ओळखतं ते त्याच्या आवाजावरून. वडील ओसरीवर बसून नुसते खोकले तरी माघारी येणारा कळप माना वळवायचा, आणि चुलतभाऊ हाका मारून मारून थकायचा. मग वडिलांनी काय केलं, तर कळप यायच्या वेळेला ते आत जाऊन दार लावून बसायला लागले. खोकल्याची उबळ आली तर तोंडावर घोंगडी धरायचे. आई वैतागायची, म्हाताऱ्यानं स्वतःला कोंडून घेतलंय म्हणायची. पावसाळा सरेपर्यंत हे चाललं. पुढं एकदा ते विसरून ओसरीवरच बसून राहिले, खोकलेही, आणि कळप समोरून सरळ निघून गेला, एका मेंढीनंही मान वळवली नाही. चुलतभाऊ खूश झाला. वडील त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

“मामांनी जे केलं तेच मी करतोय,” हे मला म्हणाले.

मी म्हटलं, “मेंढरं मरताना कुणाचं नाव घेत नाहीत. माणसं घेतात.”

हे मी उगाच बोलले नव्हते. आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, तेव्हा आजारी होते. यांचा सगळ्यांत जवळचा मित्र. एसटीत ड्रायव्हर होते, सिल्लोड आणि अजिंठ्याच्या बाजूला गाडी घेऊन जायचे. सुट्टी असली की यांना स्कूटरवर मागं बसवून त्याच रस्त्यानं खेड्यांतल्या घरांकडं न्यायचे. एखाद्या गावी दोनच ख्रिस्ती घरं असत, पण यांना तिथं जायचं असे आणि त्यांना न्यायचं असे. परत येताना दोघं कुठल्या तरी टपरीवर भजी खाऊन येत आणि घरी मला भूक नाही म्हणून सांगत. बसचा हॉर्न वाजवावा तसे ते मोठ्यानं हसायचे. यांचा उपदेश लांबला की दुसऱ्या बाकावरून घड्याळ कानाला लावून दाखवण्याची हिंमत साऱ्या मंडळीत त्यांच्या एकट्यात होती.

त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. दवाखान्यात होते तोवर आम्ही दोघं भेटून येत होतो. दवाखाना ही सगळ्यांची जागा, तिथं जायला हरकत नाही, असा यांचा हिशोब. मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ मला नर्स म्हणून कळत होता आणि यांनाही कळत होता. आणि नेमकं तेव्हापासून यांनी जाणं थांबवलं. म्हणाले, आता त्या घरी पाळकाचं रोजचं जाणं सुरू होईल. अशा वेळी मी तिथं बसलेलो दिसलो तर तो बिचारा दारातूनच मागं फिरेल. त्याच्या हातून होणारं हे पहिलं मोठं काम आहे, त्याला करू दे.

मी म्हटलं, मग मित्र म्हणून जा. तर म्हणाले, मी खोलीत शिरलो की तो मला प्रार्थना करायला सांगणार, आणि त्यानं सांगितलं तर मला नाही म्हणता येणार नाही. हे खरंच होतं. फोन मात्र हे रोज करायचे. मित्राची बायको उचलायची, बरं आहे म्हणायची, झोपलेत म्हणायची. फोन ठेवून हे मला सांगायचे, की सगळं नीट चाललं असणार, नाहीतर ती बोलली असती. मला त्या दिवसांत यांचा इतका राग आला होता की मी चहाचा कप त्यांच्यासमोर आपटून ठेवायची. तत्त्व सांभाळण्यात माणूस निघून चाललाय, असं मी तोंडावर बोलले. ते ऐकून घ्यायचे. उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

एक दिवस औरंगपुऱ्यातल्या औषधांच्या दुकानात मित्राची बायको मला भेटली. डोळे खोल गेलेले, पदर कसातरी खांद्यावर. दोघी बाजूला उभ्या राहून बोललो. मी विचारलं, पाळक येऊन जातात ना? तिनं आधी टाळलं आणि मग म्हणाली, “कुणीच नाय आलं, बाई. ना हे, ना ते.”

मला खरं वाटेना. मी तिच्यावरच चिडले, की मग तू सांगितलं का नाहीस? तर तिचं म्हणणं असं. नव्या पाळकांना बोलवावं तर साहेबांना, म्हणजे यांना, वाटेल, इतक्या वर्षांचे संबंध आणि वेळेला आपल्याला विसरले. साहेबांना बोलवावं तर नव्या पाळकांना वाटेल, आपल्याला ही माणसं आपलं मानत नाहीत. म्हणून ती दोघांपैकी कुणीतरी आपण होऊन येईल याची वाट बघत होती. दोघांचाही मान राखत होती. साहेबांचा फोन आला की बरं आहे म्हणत होती, कारण तक्रार केल्यासारखं व्हायला नको. “आन् ते रोज चार वाजले की धुतलेला सदरा मागतात,” ती म्हणाली. “पाळक येतील म्हणतात. उठून बसता येत नाय, पर सदरा घालतात. सांजच्याला मी काढून ठिवते.”

मी औषधांची पिशवी तिथंच काउंटरवर विसरले. रिक्षा केली आणि घरी न जाता थेट छावणीला, चर्चच्या आवारात गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्या बंगल्याची पायरी चढत होते. पडदे बदललेले होते, मी लावलेला कढीपत्ता मात्र चांगला वाढला होता. नवे पाळक माझ्या मुलापेक्षाही लहान, माझ्या लेखी मुलगाच. मला बघून गडबडले, आमच्यात म्हणतात तसं सलाम म्हणाले, आतून पाणी आणायला स्वतःच धावले. मी पाणी घेतलं नाही. विचारलं, तुम्ही त्या घरी का गेला नाहीत?

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “साहेब रोज जात असतील ना, आई? इतका स्नेह. मी मध्येच जाऊन बसलो तर बरं दिसलं नसतं. मी त्यांच्या निरोपाची वाट बघत होतो.”

मी कपाळावर हात मारून घेतला. इकडं जुना पाळक नव्याचा मान राखतोय, तिकडं नवा जुन्याचा, ती बाई दोघांचा राखते आहे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस सदरा घालून पडून आहे. एवढी अदब दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. आमच्या लोकांत भांडणं कमी नाहीत, पण भांडून जे बिघडलं नसतं ते या वेळी नम्रपणानं बिघडत होतं. मी हे सगळं त्या मुलाला स्पष्ट सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. दारात त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन ऐकत होती. तो आत गेला, बूट घालून आला. मग एकदम धीर गोळा करून म्हणाला, “मी साहेबांना बोलावतो. येतील का?”

फोन मी लावला आणि त्याच्या हातात दिला. तिकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फोन परत देताना त्याच्या कपाळावर घाम होता. आम्ही त्याच्या गाडीतून हडकोला गेलो तेव्हा हे फाटकापाशी उभे होते, अंगावर साधा बुशशर्ट. पांढरा झगा घेतला नव्हता. गाडीत बसताना माझ्याकडं बघितलंही नाही.

मित्राच्या खोलीत औषधांचा वास दाटला होता. ते खाटेवर उशांना टेकून होते, अंगात तो सदरा, दोन माणसं मावतील इतका ढगळ झालेला. यांना बघून त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. हात वर उचलायला गेले आणि तो मध्येच पडला. हे जवळ बसले, तो हात मांडीवर घेतला. मग मित्र म्हणाले, “पाळक, प्रार्थना करा.”

यांनी मान हलवली. “मी आज ऐकायला आलोय,” म्हणाले. “तुमचे पाळक आलेत. ते करतील.”

मित्रानं डोळे फिरवून त्या मुलाकडं पाहिलं. तो भिंतीला चिकटून उभा होता. ‘साहेब, तुम्हीच करा,’ असं पुटपुटला. यांनी नुसतं सरकून खाटेजवळ त्याच्यासाठी जागा केली. तो आला, गुडघ्यावर बसला, आणि त्यानं प्रार्थना केली. आवाज कापत होता. एका ठिकाणी तर अडखळून तेच वाक्य दोनदा म्हणाला. आमेन म्हणून झालं तरी डोळे उघडेना.

मित्र म्हणाले, “लहान केली. बरं झालं. यांची लई लांब असायची.”

सगळ्यांत आधी हे हसले. मग तो मुलगा हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानंतर तो रोज चार वाजता त्या घरी जायला लागला. हे एक दिवसाआड जायचे, तो येऊन गेल्यावर, आणि मित्राला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मी मात्र रोज जायची, कारण अंग पुसणं, कूस बदलणं हे नर्सनंच करावं, त्यात पाळकांच्या रीतीभाती आड येत नाहीत. महिनाही गेला नाही. एका सकाळी त्या मुलाचा फोन आला, आणि त्यानं यांना एवढंच सांगितलं की शांतपणे गेले, मी जवळ होतो.

दफनाला सारी मंडळी लोटली होती. एसटीतले जुने सोबती आले होते, शेजारचे मुसलमान आले होते, खेड्यांवरून माणसं आली होती. लोक यांना वाट करून देत होते, पुढं या, पुढं या म्हणत होते, आणि हे हात जोडून मागंच उभे राहिले. कबरीच्या डोक्याशी तो मुलगा उभा होता, पांढऱ्या झग्यात.

मी त्या कबरस्तानात गेले की आधी एकटीच भिंतीलगतच्या कोपऱ्यात जाते. तिथं आमची पहिली मुलगी आहे. आमची अगदी पहिली नेमणूक याच शहरात होती आणि ती तेव्हाची. चालायलाही लागली नव्हती. मोठे पाळक त्या वेळी बाहेरगावी गेलेले, त्यांना यायला जमणार नव्हतं, आणि उन्हाळ्याचे दिवस. म्हणून बापानंच उभं राहून आपल्या लेकीचा दफनविधी केला. आवाज कुठं हलला नाही. एकेक शब्द स्वच्छ म्हणाले, पहिली मूठमाती दिली, शेवटचा आशीर्वाद दिला आणि मग आलेल्या लोकांचे हात हातात घेऊन त्यांचंच समाधान करत राहिले. घरी आल्यावर मी रडत होते आणि हे मला धीर देत होते. बाहेर कुणीतरी दार वाजवलं तेव्हा उठून तिकडंही गेले. या माणसाला काही आहे की नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि पुढंही पुष्कळ वेळा वाटत आलं.

त्या दिवशीही मी कोपऱ्यातून परत आले तोवर पेटी खाली सोडली होती. त्या मुलानं पहिली मूठमाती दिली आणि लोक रांगेनं पुढं सरकू लागले. हेही रांगेत लागले, एका एसटी मेकॅनिकच्या मागं. त्यांची पाळी आली. वाकून माती उचलली, आणि ती टाकायच्या आधीच त्यांच्या तोंडून आवाज फुटला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ते कबरीच्या काठावर खालीच बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले, मूठ तशीच आवळलेली. मंडळीतल्या दोघातिघांनी पुढं होऊन त्यांना उठवायला हात घातला. तेव्हा त्या मुलानं मान हलवून त्यांना थांबवलं. पुढची प्रार्थना थांबवली, गाणं म्हणणाऱ्यांना थांबवलं, आणि स्वतः हात बांधून उभा राहिला. घाई केली नाही, जवळ गेला नाही, सांत्वनाचं काही बोलला नाही. त्यांना रडू दिलं. साऱ्या मंडळीला त्यानं तसं उन्हात उभं ठेवलं, आणि एकही माणूस हलला नाही.

रडून झाल्यावर यांनी मूठ उघडली, माती टाकली आणि बाजूला झाले. मग त्यानं उरलेला विधी पुरा केला.

फाटकाजवळच्या नळावर मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. माती बोटांत घट्ट बसली होती. मी म्हटलं, फार जवळचा माणूस गेला तुमचा.

ते म्हणाले, “एकट्या त्याच्यासाठी नाही गं रडलो. सगळ्यांचंच राहिलं होतं.” आणि हात धुता धुता त्या भिंतीलगतच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाले, “तिचंसुद्धा. आता चल, मला तिच्याकडं घेऊन चल.”